साखळीने उपविजेती

टुंग. टुंग. टुंग.

धुण्याच्या यंत्राने आपलं काम झाल्याचं तीनदा जाहीर केलं आणि घरातली चाळीस मिनिटांची शांतता मोडली. रविवारी दुपारचे तीन वाजले होते. बाळाने एक डोळा उघडून परिस्थितीचा आढावा घेतला, आत्ता रडून काही पदरात पडेल का याचा विचार केला आणि डोळा पुन्हा मिटला. निकालबाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला आणि एका हाताने पाळण्याला झोका देत दुसऱ्या हाताने लॅपटॉप उघडला.

निकालबाई बॅडमिंटन महामंडळात निकाल-लेखनिक होत्या. खेळाडू परदेशी जाऊन जे काही करून येत, ते जाहीर करण्याजोग्या भाषेत बसवायचं, हे त्यांचं काम. बाळंतपणानंतर त्यांना घरून काम करायची परवानगी मिळाली होती. अट एकच होती, कामाच्या वेळेत घरात बाळ असता कामा नये. त्यामुळे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बाळ कागदोपत्री शेजाऱ्यांचं असे.

त्या दिवशी आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा संपली होती. महामंडळाने या स्पर्धेला दहा जणांचं पथक पाठवलं होतं. नऊ अधिकारी आणि एक खेळाडू. खेळाडू म्हणजे एकोणीस वर्षांची एक उंचच उंच मुलगी. सगळं ऑफिस तिला शिडी म्हणायचं. शिडी मंगळवारीच पहिल्या फेरीत हरली होती. एकवीस-सात, एकवीस-नऊ. अधिकारी मात्र रविवारपर्यंत टिकून राहिले.

आता अडचण अशी की महामंडळाच्या परिपत्रकानुसार निकालात 'हरली' हा शब्द वापरायला मनाई होती. 'पराभव' तर नऊ वर्षांपूर्वीच बाद झाला होता. निकालबाईंनी आजवर 'कडवी झुंज', 'मोलाचा अनुभव', 'प्रतिस्पर्ध्याला घाम फोडला' अशा शब्दांवर दिवस काढले होते. पण एकवीस-सातमध्ये घाम कोणाला फुटला, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तेवढ्यात सचिवसाहेबांचा फोन आला.

"बाई, निकालाचं काय झालं?"

"साहेब, ती पहिल्याच फेरीत..."

"वाक्य पुरं करू नका. पाच वाजेपर्यंत मजकूर हवाय. आणि जरा अभिमान वाटेल असं लिहा. मागच्या वेळी नुसतंच समाधान वाटलं होतं."

फोन खाली ठेवेपर्यंत बाळ खरंच उठलं. बाळाला मांडीवर घेऊन पाजता पाजता निकालबाईंनी स्पर्धेचा तक्ता चाळला आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शिडी जिच्याकडून हरली होती, तीच पुढे अजिंक्य ठरली होती. अंतिम सामन्यातली उपविजेतीही तिच्याकडूनच हरली होती. झोप अर्धवट झाली की माणसाला सुचू नये ते सुचतं. एका बोटाने त्यांनी टंकलं: 'उपविजेतीला जिने नमवलं तिनेच आपल्या खेळाडूलाही नमवलं. दोघींत फरक एवढाच, की आपल्या खेळाडूने ही कामगिरी पाच दिवस आधी केली.'

त्यांना स्वतःशीच हसू आलं. पुसून टाकू म्हणेपर्यंत बाळाने पाय झाडला, तो नेमका 'पाठवा'वर पडला.

दोन मिनिटांत सचिवसाहेबांचा फोन. निकालबाईंनी मनातल्या मनात राजीनामा लिहायला घेतला.

"बाई," साहेबांचा आवाज भरून आला होता, "इतकी वर्षं हे कोणाला कसं दिसलं नाही?"

"साहेब, ते आपलं सहज..."

"सहज नाही, ही पद्धत आहे. साखळी-पद्धत. अहो, हिशेबाने ती उपविजेतीच झाली की. शिवाय वेळेच्या आधी. मागे कोण रडतंय?"

"शेजाऱ्यांचं आहे."

संध्याकाळी बातमी सगळीकडे झळकली: 'साखळीने उपविजेती!' एकवीस-सात, एकवीस-नऊ हे आकडेही होते, तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात. लोकांनी अभिमानाने ती बातमी एकमेकांना पाठवली. निकालबाईंच्या सासूबाईंनी त्यांनाच पाठवली, खाली लिहून, 'बघ, मुली कुठल्या कुठे पोचल्या.'

बुधवारी दुपारी दाराशी शिडी उभी. उजव्या गुडघ्याला हे एवढं फडकं गुंडाळलेलं. निकालबाईंच्या सहा वर्षांच्या लेकीने तिला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. त्याला बराच वेळ लागला.

"ताई, एक काम होतं," शिडी खुर्चीच्या कडेवर टेकली. "मला हरलेली लिहा ना."

"अगं, काय बोलतेस?"

"गुडघा गेलाय. स्पर्धेच्या आधीपासूनच दुखत होता. डॉक्टर म्हणाले, तीन महिने कोर्टाकडे बघायचंही नाही. आत्ता विश्रांती घेतली नाही, तर पुढे खेळणं कायमचं बंद."

"मग घे की विश्रांती."

"मिळत नाही. विश्रांती आणि उपचार फक्त पराभूत खेळाडूंना. यशस्वी खेळाडूची घोडदौड थांबवता येत नाही, असा नियम आहे. तीन आठवड्यांनी पुढची स्पर्धा. तिकीटसुद्धा निघालंय." ती खाली बघत म्हणाली, "मी नीट हरले होते हो, ताई. सगळ्यांसमोर."

निकालबाईंच्या एका ओळीने या पोरीचा पाय जाणार होता. दुसऱ्या दिवशी बाळाला खरोखरच शेजाऱ्यांकडे ठेवून त्या ऑफिसात गेल्या.

दुरुस्तीचा अर्ज होता, पण त्यात 'यश वाढवणे' एवढा एकच रकाना होता. 'यश कमी करणे' असा अर्ज आजवर कोणी मागितला नव्हता.

"बाई, गेल्या नऊ वर्षांत आपल्या एकाही खेळाडूला विश्रांतीची गरज पडलेली नाही," सचिवसाहेब म्हणाले. "ही परंपरा आहे."

"पण साहेब, पंचांच्या सहीचा कागद आहे. एकवीस-सात."

साहेबांनी कागद उलटापालटा करून बघितला. "यात हरली असं कुठे लिहिलंय? हे तर नुसते आकडे आहेत."

बरीच ताणाताण झाली. शेवटी साहेबांना पाझर फुटला. पराभवाचा दावा करणाऱ्याने तो जबाबदार अधिकाऱ्यासमोर सिद्ध करून दाखवावा, असं एक कलम सापडलं. त्याला म्हणतात पराभव-पडताळणी सामना. म्हणजे ज्या गुडघ्यावर उभं राहता येत नाही म्हणून विश्रांती हवी, त्याच गुडघ्यावर उभं राहून एक सामना खेळायचा आणि हरून दाखवायचं.

"समोर खेळणार कोण?" निकालबाईंनी विचारलं.

साहेबांनी पोट आत ओढलं. "मी कॉलेजात खेळायचो."

शनिवारी सामना झाला. नऊ अधिकारी परीक्षक म्हणून बसले. शिडीने ठरवलं होतं, जागचं हलायचंच नाही, शटल आलं की जाऊ द्यायचं. मोठेपणाचा मान म्हणून पहिली सर्व्हिस साहेबांनी केली. ती नेटमध्ये गेली. बॅडमिंटनमध्ये ज्याची सर्व्हिस चुकते त्याच्या समोरच्याला गुण मिळतो आणि पुढची सर्व्हिसही त्यालाच मिळते. शिडीला हवी नसताना एक-शून्य अशी आघाडी मिळाली. तिने घाईघाईने आपली सर्व्हिस नेटमध्ये मारली. एक-एक. साहेबांनीही नेटमध्ये मारली. तिने मुद्दाम, त्यांनी मनापासून. दोन-एक, दोन-दोन. असं करत वीस-वीस झाले. दोन गुणांची आघाडी कोणालाच मिळेना, म्हणून गेम लांबला आणि एकोणतीस-एकोणतीसवर आला. तीस ही शेवटची मर्यादा. सर्व्हिस साहेबांची होती.

निकालबाईंनी डोळे मिटून घेतले. एवढी एक पलीकडे जाऊ दे.

ती नेटमध्ये गेली.

दुसरा गेम साहेबांनी तीस-एकोणतीस असा घेतला. तिसरा पुन्हा शिडीच्या गळ्यात पडला. सव्वा तासात एकही शटल नेटच्या पलीकडे गेलं नाही. गेल्या आठ महिन्यांतला शिडीचा हा पहिला विजय. ती तिथेच खाली बसली आणि रडायला लागली. अधिकाऱ्यांना गहिवरून आलं. "विजयाचे अश्रू," एक जण म्हणाला आणि त्याने ते टिपूनही घेतलं.

घरी येऊन निकालबाईंनी बाळाला कडेवर घेतलं आणि खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घातल्या. निकाल लिहायचा होता. शिडीला यशस्वी लिहिलं तर गुडघा गेला. साहेबांना हरलेले लिहिलं तर नोकरी गेली. तशात फोन वाजला.

"बाई, माझं काय लिहिताय?" साहेबांचा आवाज कधी नव्हे तो बारीक होता.

निकालबाईंनी बाळाकडे बघितलं. बाळ जांभई देत होतं. आणि निकालबाईंचं अर्धवट झोपेतलं डोकं पुन्हा एकदा कामाला आलं.

"साहेब, साखळीने बघायचं ना? आपला विजय अपूर्ण राहिला तो उपविजेतीसमोर. तोही शेवटच्या गेममध्ये, एका गुणाने."

"बरं मग?"

"उपविजेतीच्या लगेच खाली कोण येतं?"

पलीकडे साहेबांनी बोटांवर हिशेब केला. मग हळूच, "तिसरा?"

"जगात तिसरे, साहेब."

"तरी मला वाटतच होतं," साहेब म्हणाले. "मनगट अजून तसंच आहे हो."

"फक्त एक अडचण आहे. पुढच्या स्पर्धेला खेळाडूची जागा एकच. दोघंही यशस्वी. आणि नियम असा, की ताज्या यशाला प्राधान्य. आपली घोडदौड थांबवता येणार नाही, साहेब."

"नियम म्हणजे नियम," साहेब गंभीरपणे म्हणाले. "माझ्या मापाची चड्डी मिळेल का, तेवढं बघा."

अशा रीतीने एकोणसाठ वर्षांचे सचिवसाहेब नऊ अधिकाऱ्यांसह आंतरराष्ट्रीय स्पर्धेला गेले. एकवीस-शून्य, एकवीस-शून्य. सामना अकरा मिनिटं चालला, त्यातली तीन मिनिटं बुटाची नाडी बांधण्यात गेली. निकालबाईंनी लिहिलं: 'प्रतिस्पर्ध्याला एकदाही दम घेऊ दिला नाही.' परतल्यावर हार, फुगे, उघडी मोटार, सगळं झालं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. आकडे या वेळीही तळाला छापलेले होते, आणि या वेळीही तिथपर्यंत कोणाची नजर गेली नाही. तुम्हालाही ती बातमी कोणीतरी पाठवली असेल. तुम्ही अंगठा उंचावून ती पुढे ढकललीही असेल. संकोच वाटून घेऊ नका, सगळ्यांनीच ढकलली.

शिडीला मात्र विश्रांती मिळाली. कागदोपत्री ती 'यशस्वी, राखीव' होती. डॉक्टर म्हणाले, सूज उतरतेय, पोरगी पुन्हा खेळेल, आणि चांगली खेळेल. दुपारच्या वेळी ती निकालबाईंकडे येऊन बसायची. जमिनीवर पाय लांब करून बाळाला पोटावर घ्यायची आणि थोरलीला हाताने शटल उडवायला शिकवायची. निकालबाईंना त्यामुळे अंघोळीला पुरती दहा मिनिटं मिळायची. त्यांच्या दृष्टीने सगळ्या स्पर्धेतली खरी कमाई तीच.

एका दुपारी त्या ओले केस पुसत बाहेर आल्या, तर दोघी खुसूखुसू हसत होत्या. सलग चाळीस वेळा शटल खाली पडलं नव्हतं. थोरली धापा टाकत आईजवळ आली. लॅपटॉपवर साहेबांचा निकाल अजून उघडाच होता. नुकतंच वाचायला शिकलेली पोर एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. ऐ-ति-हा-सि-क. दे-दी-प्य-मा-न. न भू-तो न भ-वि-ष्य-ति.

"आई, हे शब्द काकांसाठी वापरलेस?"

"हो गं बाळा. कामाचं होतं ते."

"आणि शिडीताईसाठी कुठले वापरलेस?"

"हेच. थोडे पुढेमागे."

थोरलीने विचार केला. शिडी जमिनीवरून बघत होती. बाळही बघत होतं.

"मग शिडीताई बरी झाल्यावर खरंच जिंकली," लेकीने विचारलं, "तर तू काय लिहिशील?"