अठ्ठावन्न किलो वाळू

रविवारी सकाळी उपेंद्र सोवनींनी टेबलावरच्या उपम्याच्या बशा बाजूला सारल्या आणि समितीची पहिली बैठक सुरू झाल्याचं जाहीर केलं. विषय एकच होता. घ्यायच्या नव्या मोठ्या गाडीवर स्पोर्ट पॅकेज घ्यावं की घेऊ नये? सोवनींनी पस्तीस वर्षं एका सरकारी संशोधन संस्थेच्या कंपन-चाचणी विभागात काढली होती. यंत्रं गदागदा हलवायची आणि ती कुठे मोडतात ते लिहून ठेवायचं, हे त्यांचं काम. असा माणूस समिती नेमल्याशिवाय कोथिंबीरही घेत नाही, ही तर गाडी होती.

समितीत तिघं होते. अध्यक्ष सोवनी स्वतः. सदस्य त्यांचा मुलगा मकरंद, सॉफ्टवेअरमधला. आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून महांतेश. महांतेशची पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीत लेथची शेड होती, आणि निपाणीकडचा असल्यामुळे त्याला कुठल्याही विषयातलं कळायचं. सोवनींच्या पत्नी हेमलताबाई समितीत नव्हत्या. त्या ‘युजर डिपार्टमेंट’ होत्या. सरकारी खात्याचा रिवाजच तसा आहे. ज्याला वस्तू वापरायची, त्याने सुरुवातीला एकदा आपली गरज लिहून द्यायची. पुढे त्याला विचारायचं नाही, कारण विचारलं की तो मत बदलतो.

हेमलताबाईंनी आपली गरज वाण्याच्या यादीच्या मागे लिहून दिली होती. ‘धारवाडला महानंदाकडे जायचं आहे. उतरताना कुणी हात धरायला लागू नये.’

गरज खरी होती. महानंदा म्हणजे हेमलताबाईंची थोरली बहीण. तिचे गुडघे गेलेले, हिचा मणका. हेमलताबाईंना कमरेला पट्टा बांधूनही गाडीत तासाभरापलीकडे बसवत नव्हतं, आणि धारवाड पडलं सात तासांवर. दोन वर्षं दोघी भेटल्या नव्हत्या. रोज दुपारी फोनवर बोलायच्या आणि ठेवताना दोघीही ‘बघू’ म्हणायच्या. तो ‘बघू’ सोवनींना ऐकवत नसे. नाहीतर दहा वर्षं एकच छोटी गाडी पुसून पुसून वापरणारा हा माणूस, मोठ्या गाड्यांच्या दुकानाची पायरी कशाला चढला असता?

“बाबा, स्पोर्ट पॅकेज is a must,” मकरंद म्हणाला. “मोठी चाकं, स्टिफ सस्पेन्शन, स्टिअरिंगला लाल शिवण. साधी गाडी घेतली तर लोक विचारतील, पॅकेज का नाही घेतलं.”

“कोण लोक?” हेमलताबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“युजर डिपार्टमेंटने मध्ये बोलू नये,” अध्यक्ष म्हणाले.

गाड्यांच्या शोरूममधला विक्रेता गिरीराज, त्याचं मत आधीच घेऊन झालं होतं. तो म्हणाला होता, “सर, स्वल्प फील करून बघा. स्पोर्टमध्ये बसलात की लगेच फील येतो.” त्यावर सोवनी म्हणाले होते, की फील हे मोजमापाचं एकक नाही. बिचारा गिरीराज कानडीत ‘सरी सरी’, म्हणजे बरं बरं, म्हणत मान डोलावून बसला, आणि तिथेच फसला. कारण सोवनींनी त्याच्याकडून दोन्ही गाड्या चाचणीसाठी मागून घेतल्या, एक साधी आणि एक स्पोर्ट.

चाचणीचा रस्ता पीण्याचा ठरला. तिथल्या लोखंडाच्या ट्रकांनी रस्त्याची जी काही अवस्था करून ठेवली होती, ती सोवनींना फार पसंत पडली. वजन हेमलताबाईंइतकंच हवं होतं, म्हणून महांतेशने शेडमधून गोणीत अठ्ठावन्न किलो वाळू भरून आणली.

“वाळू कशाला? मीच बसते की,” हेमलताबाई म्हणाल्या.

“माणूस हलतो. आकडे बिघडतात.”

“अहो, पण बसायचंय मलाच ना शेवटी?”

“शेवटी,” सोवनी म्हणाले. “आत्ता नाही.”

मग त्यांनी धक्के मोजायचं काडेपेटीएवढं यंत्र गोणीवर ठेवलं आणि ते जागचं हलू नये म्हणून वरून हेमलताबाईंचाच कमरेचा पट्टा आवळला. पट्टा गोणीबरोबर गेला. बाई घरी राहिल्या, भिंतीला धरून.

साधी गाडी नीट पार पडली. प्रत्येक खड्ड्याला मागच्या सीटवर सोवनींच्या लॅपटॉपवरची रेघ उडी मारत होती आणि ते ती नोंदवत होते. मग स्पोर्ट गाडी निघाली. गिरीराज चालवत होता, शेजारी पट्टा बांधलेली गोणी, मागे समिती. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गाडी अशी आदळली की मकरंदचे दात वाजले. आणि त्यानंतर लॅपटॉपवरची रेघ एकदम सपाट झाली.

“बघितलंत?” मकरंद जबडा चोळत म्हणाला. “Zero.”

सोवनींनी चष्मा वर केला. पुढचे सहा खड्डे गेले, महांतेशचं डोकं छताला दोनदा लागलं, पण रेघ हलेना. “आश्चर्य आहे,” सोवनी म्हणाले, आणि वहीत लिहिलं, ‘स्पोर्ट: शिफारस योग्य.’

“सर, मी काय म्हंतो,” महांतेश टाळू चाचपत म्हणाला, “माझं डोकं काय येगळंच सांगायलंय.”

“डोकं कॅलिब्रेट केलेलं नाही, महांतेश.”

खुलासा शेडसमोर झाला. गिरीराजने सीट सरळ करायला बटण दाबलं, तशी खालून कर्रकर्र आवाज आला आणि सीट अर्धवट मागे कलून तिथेच अडकली. गोणी फाटली होती. निम्मी वाळू सीटच्या रुळांत गेली होती, आणि पट्ट्यातून निसटलेलं यंत्र खालच्या वाळूच्या ढिगात आरामात पहुडलं होतं. त्याला कसला धक्का लागतोय? गिरीराजचा चेहरा पांढरा पडला. चार वाजता हीच गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायची होती.

“कशाला घाबरायलाय वो, काँप्रेसर हाय की आपल्याकडं,” महांतेश म्हणाला आणि कुणी नको म्हणायच्या आत त्याने हवेचा पाइप सीटखाली घातला. सीटखालची थोडी वाळू उडाली, ती गाडीभर पसरली आणि एसीच्या जाळ्यांतही शिरली. गिरीराजने एसी लावला, तेव्हा ती परत बाहेर आली आणि चौघांच्या तोंडावर बसली. 

“घरी व्हॅक्यूम क्लीनर आहे,” शेवटी मकरंद म्हणाला.

म्हणून ती वाळूची गाडी मल्लेश्वरमला सोवनींच्या दारात आली. हेमलताबाई फाटकाला धरून उभ्या होत्या. पट्ट्यावाचून सकाळपासून त्यांना ना धड बसता येत होतं ना झोपता. हे बघून सोवनींना फार वाईट वाटलं, आणि ते कसं बोलावं हे न कळल्यामुळे ते म्हणाले, “चाचणी अपूर्ण राहिली.”

“राहू दे. मला आधी टेकू दे कुठेतरी.” आणि हेमलताबाई गाडीचं दार उघडून त्या कललेल्या सीटवर, पाठीशी उरलेल्या अर्ध्या गोणीला टेकून बसल्या. वाळू सरकली आणि कमरेच्या पोकळीत नीट बसली. बाईंनी डोळे मिटले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. व्हॅक्यूम क्लीनर हातात धरून गिरीराज ताटकळत उभा राहिला.

“हेमा, बरी आहेस ना?” सोवनींनी घाबरून विचारलं.

“मला पाठ आहे हे विसरलेच होते जरा,” त्या म्हणाल्या. “अशीच पाहिजे.”

“I told you. स्पोर्ट सीट,” मकरंद म्हणाला.

पण सोवनी काही झालं तरी चाचणीवाले. त्यांनी गोणी काढून बाईंना त्याच सीटवर बसवलं, तर त्यांच्या कपाळाला आठ्या. गोणी ठेवली, आठ्या गेल्या. मग स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची झाली. गोणीसकट उत्तम. शेवटी त्यांनी आपली जुनी छोटी गाडी काढली आणि तिच्या सीटवर गोणी ठेवून बाईंना मल्लेश्वरमभर दीड तास फिरवलं. बाई सगळ्या वाटभर बोलत होत्या.

तोवर गिरीराजची गाडी साफ होऊन गेली होती. महांतेशने फाटकी गोणी दाभणाने शिवून तिला उशीचा अभ्रा घातला. हेमलताबाईंनी कुणाला न विचारता साड्यांची पिशवी भरली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोवनी पती-पत्नी जुन्या गाडीतून धारवाडला निघाले.

पोचल्यावर सोवनी पळत डाव्या दाराशी गेले, पण त्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. हेमलताबाई दाराला धरून आपल्या आपण उतरल्या. महानंदा काठी टेकत पायरीपर्यंत आली होती. दोघी बहिणी तिथेच गळ्यात पडून रडल्या, आणि सोवनी उगाचच टायरची हवा बघत राहिले. त्यांचेही डोळे भरून आले होते.

दुपारी महानंदा त्या गोणीला टेकून बसली ती उठेचना. “काठीवर वाकून धरलेल्या कमरेला काय बरं वाटतंय गं,” ती म्हणाली. “ही इथेच राहू दे.” गोणी एकच होती आणि तिच्यावाचून हेमलताबाईंना परतता येत नव्हतं, किंवा तसं त्या म्हणाल्या. दोघींनी ती सकाळ-संध्याकाळ वाटून घेतली. बाईंचा मुक्काम महिन्यावर गेला आणि तिसऱ्या दिवशी सोवनी एकटेच परत निघाले.

शेजारची सीट रिकामी होती. जाताना सात तास जिने तोंड मिटलं नव्हतं, तिची जागा आता फारच शांत होती. तुमकूरच्या अलीकडे ते कॉफीला थांबले, तेव्हा गिरीराजचा फोन आला.

“सर, काय ठरलं? स्पोर्ट की साधी? तुमचा रिपोर्ट झाला ना?”

“रिपोर्ट अकरा पानांचा झाला,” सोवनी म्हणाले. “पण चाचणीत माणूस बसवायचा राहिला.”

“मग सर?”

सोवनींनी रिकाम्या सीटकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत जे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं, ते म्हणायला त्यांना जरा वेळ लागला.

“युजर डिपार्टमेंट धारवाडला आहे,” ते म्हणाले. “तिला विचारून सांगतो.”