गोड लिहायचं नाही

साळवे सर चहात थर्मामीटर बुडवतात. तापाचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभर लांब. चौक गावच्या धाब्यावर बिनसाखरेचा चहा समोर आला की खिशातून तो काढायचा, पुसायचा, कपात उभा धरायचा आणि जाहीर करायचं, "एकोणऐंशी. थांबू." बासष्टला पहिला घोट. ट्रकवाले आता हसतही नाहीत. उलट आपला ग्लास पुढे करतात, "मास्तर, आमचा किती?"

हा माणूस मला मुळीच आवडत नव्हता. स्पष्टच सांगते. मी दारूबंदीची कार्यकर्ती. ताडी पिऊन आलेला बाप भरली ताटं भिरकावायचा, अशा घरात मी वाढले. त्यामुळे आमच्या गावच्या शाळेचे विज्ञानाचे हे मास्तर पोरांना थंडीतल्या पहाटे, जिच्या रसाची ताडी होते त्या शिंदीच्या झाडाखाली नेतात, मडकी उतरवून घेतात आणि शाळेमागे तीन दगडांच्या चुलीवर रस उकळतात, हे कानावर आलं तेव्हा मी चौकशी केली नाही. पत्रक काढलं. शिळफाट्याला जाऊन छापून आणलं. मथळा: 'गुरुजी की गुत्तेवाला?' मागणी एकच: ग्रामसभेने ही चूल मोडावी.

तिसऱ्या दिवशी पत्रक माझ्याकडे परत आलं. लाल शाईने तपासलेलं! दोन वेलांट्या सुधारलेल्या आणि खाली शेरा: 'भाषा आठ. पुरावा शून्य. पुन्हा करून आण.'

मी तडक शाळेत गेले. सर कढईवरची मळी काढत होते. भोवती पोरं, प्रत्येकाच्या हातात वही.

"सर, तुम्ही लेकरांना ताडी गाळायला शिकवता?"

"ताडी हा तुझा अंदाज. माप काय?"

हा त्यांचा मंत्र. सरपंच म्हणाले सभेला शंभर माणूस होतं, तर सर विचारणार, "अंदाज. मोजलंत?"

"ग्रामसभेत बोलू," मी म्हणाले.

"बोलू नको. बघू." मग कढईकडे बघत, आवाज खाली आणून म्हणाले, "चूल मोडलीत तर पुस्तक उरेल. पुस्तकात बाष्पीभवनाची व्याख्या आहे. तिच्यातून वाफ निघत नाही गं."

ग्रामसभा भर दुपारी भरली. मी तावातावाने बोलले, टाळ्याही घेतल्या. सर उठले, तर भाषणच नाही. पाचवीतल्या मनालीने दोन मडकी आणून टेबलावर ठेवली. दोन्ही त्याच पहाटेची, एकाच झाडाची. फरक एवढाच की एकाला आतून चुना फासलेला होता, दुसऱ्याला नव्हता.

मनालीने हळदीच्या कागदाचे दोन तुकडे बुडवले. चुन्याच्या मडक्यातला लालभडक झाला. दुसरा पिवळा तो पिवळाच, आणि त्या मडक्यात फेस चढलेला.

"चुन्यानं रस आंबत नाय. ही नीरा. हिचा आमी गूळ करतो. चुना नाय लावला तर ह्यो असा फेस, मग ताडी," मनाली म्हणाली आणि फेसाचं मडकं माझ्या नाकापाशी आणलं. "ताई, तुमी वास न घेताच छापलं?"

अख्खी सभा खदखदली. रसासाठी झाडं छेदणारे काशिनाथभाऊ मागून ओरडले, "नीरेचा परवाना हाय माजा! भिंतीला लावलाय, बाबासायबांच्या फोटोखाली. ही बाई घरी आली असती तर चा पाजून दाखवला असता!"

वास मी घेतला. तोच, लहानपणचा. ताटं उडायच्या आधी बापाबरोबर घरात शिरायचा तो. मग चुन्याचं मडकं घेतलं. ओल्या मातीचा वास आणि मागे ताज्या शहाळ्यासारखं काहीतरी. मी इतकी वर्षं ज्याच्याशी लढले ते झाड नव्हतं. ते बिनचुन्याचं मडकं होतं, नि त्याच्यावर पोट भरणारे गुत्ते होते. पोरं पाचवीत ते ओळखायला शिकत होती आणि मी निघाले होते त्यांचीच चूल मोडायला! उठून उभी राहिले आणि मागणी मागे घेतली. पत्रकही नवं काढलं. त्याला पुराव्याचे नऊ मिळाले. एक गुण 'मथळा आक्रस्ताळा' म्हणून कापला.

त्यानंतरच्या शनिवारी मी चुलीपाशी बसले. दर पाच मिनिटांनी पोरं आकडा वाचायची. बराच वेळ पारा शंभराच्या आसपास हलेना. "पाणी चाललंय," सर म्हणाले, "ते संपेपर्यंत धीर धरा." मग पारा चढला, पाक तांबूस झाला, तार आली. पळसाच्या पानावर गुळाचा एकेक तुकडा पडला आणि सरांनी दुसरा नियम सांगितला, "गोड लिहायचं नाही. ते सगळ्यांना माहीत आहे. कसं, ते लिहा."

मी माझ्या पानावरचा अर्धा तुकडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी थर्मामीटर टेकवला, मान हलवली आणि पान परत केलं.

"सर खात नाय," मनाली कुजबुजली. "साखर हाय त्यांना. लई वर्षं झाली."

सरांनी चहाचा कप हातात घेतला, भिंतीला टेकून डोळे मिटले. "हं. वाचा."

एकेक वही वाचली गेली. 'आधी धूर लागतो, मग धूर पळतो.' 'ताप उतरल्यावरच्या पहिल्या पेजेसारखं.' 'दाताला चिकटतं, पण राग येत नाय.' सरांची जीभ ओठांवरून हळूच फिरत होती. दर ओळीनंतर "अजून?"

शेवटी माझ्याकडे वळले. "तू? पत्रक नको. चव."

मी पाठकोऱ्या कागदावर लिहिलं आणि वाचलं: 'ह्या झाडाचं काही तोंडात घातलं आणि घरात कुणी ओरडलं नाही, असं.'

सरांनी गुण दिले नाहीत.

"परत वाच," म्हणाले.

मी परत वाचलं. सरांच्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता. त्यांनी तो तसाच, न मोजता, पिऊन टाकला.