आप्पांची रेघ

दौंडला आमच्या शेजारी राहणारे आप्पा खिशात आलेखाचा कागद बाळगत. "दोन बिंदू सांगा, बाकी रेघ मी वढतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर नातीचं गणिताचं पुस्तक हाती लागलं, आणि हा नाद जडला.

माझ्या पुतण्याचं बाळ जन्मताना तीन किलोचं होतं, महिन्याने चार झालं. आप्पांनी वजनातल्या फरकाला महिन्यांच्या फरकाने भागून चढ काढला, एक. मग समीकरण: वजन म्हणजे महिने अधिक तीन.

"विसाव्या वर्षी दोनशे त्रेचाळीस किलो! दार रुंद करून घ्या," ते म्हणाले. सूनबाई रडायलाच लागली.

मी आकडे तपासले. भागाकार बरोबर होता. पण बाळ काही रेषेवर वाढत नाही, हे मी सांगितलं.

"तिसरा बिंदू घेऊन बघा, आप्पा."

"दोन साक्षीदार असताना तिसरा कशाला बोलावता?"

त्यानंतर मावशी, म्हणजे त्यांच्या पत्नी, आजारी पडल्या. दर महिन्याला दोघं सकाळच्या गाडीने पुण्याला डॉक्टरांकडे जात. जाताना फलाटावरच्या यंत्रात रुपया टाकून मावशी वजन करत. पहिल्या तिकिटावर बावन्न किलो. पुढच्या खेपेला यंत्र बंद होतं. दोन महिन्यांनी शेहेचाळीस. मावशी तिकिटामागचं भविष्यच तेवढं वाचत. 'दीर्घायुष्य लाभेल.' "यंत्राला तरी काय कळतंय," असं म्हणून हसत.

चढ उणे तीन. आप्पांनी ती रेघ ओढली, पण मला कागद दाखवला नाही. कट्ट्यावर बसणंही सोडलं. एकदा भाजी आणताना भेटले, तेव्हा म्हणाले, "एक बिंदू रेघंच्या वर पडाया पायजे. एकच."

मावशींसाठी ते शिरा करू लागले. तूप जास्त, साखर जास्त. मावशी दोन घास खात आणि वाटी हळूच पालथ्या ताटलीखाली झाकत.

पुढच्या महिन्यात पुण्याहून परतल्यावर ते थेट माझ्याकडे आले. तिकीट टेबलावर ठेवलं. त्रेचाळीस. रेषेवर, बरोबर.

"जल्मभर माझी रेघ चुकली. आन् आताच कशी बरूबर आली? तपासा. चूक असंल."

मी दोनदा तपासलं. चूक नव्हती. तसं सांगणार, तोच ते खाली बघून म्हणाले, "यंत्रावर ती हलत हुती, म्हणून मागं धरून हुभा होतो. तवा पायाचा अंगठा यंत्रावर टेकवला मी. तिला म्हाईत न्हाई. खरा आकडा बघून घाबरली असती."

मी तिकीट पुन्हा हातात घेतलं.

"तुम्ही आकडेवाले," आप्पा म्हणाले. "सांगा, अंगठ्याचं किती वजा करायचं?"

"काही नाही," मी म्हणालो, आणि त्यांच्या कागदावर त्रेचाळीसचा ठिपका मीच काढला.