चौथा पट्टा

आमोदने जेवणाच्या टेबलावर चार पानांचा प्रिंटआउट ठेवला आणि त्याच्या वडिलांनी, दीनानाथ परचुऱ्यांनी, आमटीचं पातेलं बाजूला सारून लाल पेन हातात घेतलं. आमोदच्या हिंजवडीतल्या कंपनीतली सात माणसं रविवारी मोटारसायकलींवरून खडकवासल्याहून पानशेतला जाऊन येणार होती. घरच्यांनाही आमंत्रण होतं. एवढ्याशा कामाचा त्यांच्या म्होरक्या सलोनीने असा आराखडा केला होता, की दीनानाथांच्या पाटबंधारे खात्याने तेवढ्या कागदांत एक बंधारा मंजूर केला असता. कोण कोणाच्या मागे, दोन गाड्यांत अंतर किती, चहा किती वाजून किती मिनिटांनी. 'चहा : ७.४२' या ओळीखाली दीनानाथांनी लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, 'आधण आलं नसेल तर?'

मग कलम चार आलं. हेल्मेट नसेल त्याला राइडमध्ये प्रवेश नाही. दीनानाथ सहा वर्षं नारायण पेठेतल्या हेल्मेटसक्तीविरोधी नागरिक मंचाचे चिटणीस होते. दर पंधरवड्याला ते वर्तमानपत्राला एक पत्र पाठवत आणि खाली 'एक त्रस्त नागरिक' अशी सही करत. डोकं माझं आहे, त्याचं काय करायचं ते मी ठरवीन, हा त्यांचा मुद्दा. त्या डोक्यात दुसरा मुद्दा शिरायला जागाच नाही, असं त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणत.

कलम नऊ त्याहून जिव्हारी लागलं. वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारसायकली खडकवासल्यापर्यंत ट्रेलरवरून आणाव्यात, वाटेत बंद पडल्या तर सगळा ताफा खोळंबतो. ताफ्यात वीस वर्षांपेक्षा जुनी गाडी एकच होती, दीनानाथांची यझदी. याच यझदीवरून सव्वीस वर्षं ते रोज धरणावर कामाला गेले होते. त्या रस्त्याने तिला नवरीसारखी बसवून न्यायची, हे ऐकून त्यांनी जेवण अर्धवट सोडलं आणि पाच मिनिटांनी ताकासाठी परत आले.

न जाऊन मात्र चालणार नव्हतं. निवृत्तीनंतर चार वर्षं यझदी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापडाखाली उभी होती आणि आमोदला नव्या मोटारीसाठी ती जागा हवी होती. वाघोलीचा एक जुन्या गाड्या घेणारा माणूस सोमवारी बघायला यायचा होता. बापलेकांत चार दिवस शब्दाला शब्द लागल्यावर आनंदीबाईंनी निकाल दिला.

"रविवारी हे स्वार म्हणून गेले तर गाडी राहील. सामान म्हणून गेले तर सोमवारी वाघोलीला जाईल. मी बरोबर येणारे, मला फसवू नका."

"ट्रेलर फक्त धरणापर्यंत," दीनानाथ म्हणाले. "पुढे स्वारच."

"आणि हेल्मेट?"

"त्या सलोनीशी मी बोलतो. मुलगी इंजिनिअर आहे, तिला तर्क समजेल."

रविवारी सकाळी साडेसहाला सोनबा आपली जीप आणि मागे जोडलेला दोन चाकी ट्रेलर घेऊन सोसायटीच्या फाटकाशी हजर झाला. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावचा हा माणूस एरवी ट्रेलरमधून कडबा आणि पाण्याच्या मोटारी नेई. सलोनीने गाडी बांधायचे चार जाडजूड पट्टे आणि एक आकृती पाठवली होती. पुढचं चाक फळीला टेकवायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची, पुढून दोन आणि मागून दोन पट्ट्यांनी ती चारी बाजूंना ताणून बांधायची. आमोदने आकृती वाचून दाखवली, सोनबाने पट्टे आवळले. तीन झाले. चौथ्याला दीनानाथांनी हात आडवा केला.

"तीन पुष्कळ झाले. तिपाईला तीनच पाय असतात, ती कधी पडलेली पाहिलीस?"

"बाबा, आकृतीत चार आहेत."

"आकृतीत असतील. माझ्या गाडीत काय कमी आहे म्हणून तिला बांधून घालायचं? आधी डोकं बांधा म्हणतात, मग गाडी बांधा म्हणतात. चौथा पट्टा म्हणजे गाडीचं हेल्मेट आहे, हेल्मेट. मी लावू देणार नाही."

हा युक्तिवाद त्यांना स्वतःलाच इतका आवडला, की पुढच्या पत्रासाठी तो लक्षात ठेवत त्यांनी चौथा पट्टा वर घरात नेऊन ठेवला. आमोदने घड्याळ पाहिलं आणि वाद सोडून दिला. तो आपल्या मोटारसायकलवर मागे, आनंदीबाई थालीपिठांचा डबा मांडीवर घेऊन जीपमध्ये सोनबाशेजारी आणि दीनानाथ मागच्या बाकावर, अशी वरात निघाली.

शास्त्री रस्त्यावरच्या दुसऱ्याच गतिरोधकावर ट्रेलर उडाला आणि यझदी चौथ्या पट्ट्याच्या बाजूला झुकली. सोनबाने जीप कडेला घेतली. त्याने गाडी सरळ केली, ती पुन्हा झुकली. त्याने फाळक्याला एक सुतळी बांधली, ती तुटली.

"सायेब, येक पट्टा कमी हाय. कुनीतरी धरल्याबिगर ही ऱ्हात न्हाई."

दीनानाथांना परत जाऊन पट्टा आणता आला असता. घर जेमतेम पाऊण मैलावर होतं. पण परत जायचं म्हणजे चौथा पट्टा लागतो हे सलोनीच्या आकृतीपुढे, आमोदपुढे आणि मुख्य म्हणजे आनंदीबाईंपुढे कबूल करायचं. ते ट्रेलरवर चढले, यझदीवर टांग टाकून बसले, दोन्ही पाय फळीवर रोवले आणि हँडल घट्ट धरलं. आमोदने पोटतिडकीने खाली उतरायला सांगितलं. ते म्हणाले, मी धरलीय, तू तुझ्या कलम सातप्रमाणे अंतर ठेव.

सोनबा बैलगाडीच्या वेगाने निघाला. दीनानाथ आधी अवघडून बसले होते. पण समोर तोच रस्ता, हातात तेच हँडल, आणि चार वर्षांनी अंगावर सकाळचं वारं. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. दूधवाला थांबून बघायला लागला, त्याला त्यांनी मान हलवून उत्तर दिलं. त्या क्षणी ते मनापासून सुखी होते, आणि ट्रेलरचा त्यांना विसर पडला होता. दांडेकर पुलाच्या चौकात जीप सिंहगड रस्त्याकडे उजवीकडे वळायला लागली, तेव्हा सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यांनी उजवा हात लांब काढला आणि वळण्याची खूण केली.

चौकातल्या हवालदाराने ती खूण पाहिली आणि जीप थांबवली. गणवेशाला इस्त्री, मिशीला तेल, आणि चेहऱ्यावर रविवारची ड्यूटी लागल्याचं दुःख, असा तो गृहस्थ ट्रेलरभोवती एक पूर्ण फेरी मारून आला.

"काका, हेल्मेट?"

या प्रश्नाची दीनानाथ सहा वर्षं वाट पाहत होते. त्यांनी खाकरून घसा साफ केला. इंजिन बंद आहे, चाकं फिरत नाहीत, किल्ली खिशात आहे, त्यामुळे कायद्याने हे वाहन नसून वाहून नेलं जाणारं सामान आहे आणि सामानाला हेल्मेट लागत नाही, हे त्यांनी मुद्देसूद मांडलं. आमोदने मागे आपल्या हेल्मेटची काच खाली ओढून घेतली.

"बरोबर आहे," हवालदार म्हणाला.

दीनानाथ चपापले. त्यांना आजवर कोणी बरोबर आहे म्हटलं नव्हतं.

"गाडी सामान, तर तिच्यावर बसलेले तुम्हीपण सामान. ट्रेलरमध्ये माणूस भरून नेला म्हणून मी ह्या ड्रायव्हरवर केस करतो. नाहीतर तुम्ही स्वार. वळताना हात तुम्हीच दाखवलात, सगळ्या चौकानं बघितलं. मग विनाहेल्मेट म्हणून पावती तुमच्या नावानं. बोला काका, स्वार का सामान?"

सोनबाने हात जोडले. मंचाच्या सभासदाने दंड भरायचा नाही, हा ठराव दीनानाथांनीच मांडला होता. 'सामान' हा एक शब्द उच्चारला की सहा वर्षांची अब्रू शाबूत राहत होती. त्यांनी जीपकडे पाहिलं. आनंदीबाई मागे वळून पाहत होत्या. उद्या सोमवार होता.

"स्वार," दीनानाथ म्हणाले. मग आणखी मोठ्याने म्हणाले, "स्वार आहे मी. लिहा. नुसतं नाव नाही लिहायचं. दुचाकीस्वार दीनानाथ परचुरे, असं पूर्ण लिहा."

हवालदाराने आयुष्यात पहिल्यांदा पावती मागून घेणारा माणूस पाहिला. त्याने पूर्ण लिहिलं. दीनानाथांनी ती वाचून पाहिली आणि घडी न घालता खिशात ठेवली.

"आता स्वार आहात तर खाली उतरवा गाडी," हवालदार म्हणाला. "आणि डोक्यावर काहीतरी घाला. तसं सोडणार नाही मी."

आनंदीबाईंनी डबा उचलला. त्याखालच्या पिशवीतून एक काळं, नवं कोरं हेल्मेट निघालं. शुक्रवारीच आणलं होतं, त्या शांतपणे म्हणाल्या.

दीनानाथांनी ते दोन्ही हातांत धरून उलटसुलट पाहिलं. "मी हे सक्तीनं घालत नाहीये," त्यांनी हवालदाराला बजावलं. "स्वेच्छेनं घालतोय. तशी नोंद करा."

"पावतीत तेवढी जागा नाही काका."

सहाव्या किकला यझदी सुरू झाली. धूर सगळ्या चौकावर पसरला. धरणावर सलोनीने यादीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पानशेतपर्यंत त्यांना मधोमध ठेवलं. चहा सात बेचाळीसला मिळाला नाही, आधण आलं नव्हतं.

सोमवारी वाघोलीचा माणूस आला. आनंदीबाईंनी त्याला दारातच सांगितलं, की गाडी विकायची नाही, आमचे हे चालवतात. इतकी जुनी गाडी कोण चालवतं, असं म्हणून तो हसायला लागला, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याजवळच्या खणातून पावती काढून त्याच्यापुढे धरली. त्याने ती वाचली आणि निमूट जिना उतरला.

आत दीनानाथ वर्तमानपत्राला हेल्मेटसक्तीविरुद्ध नवं पत्र लिहीत होते. पंख्याने कागद उडू नये म्हणून त्यांनी त्यावर हेल्मेट ठेवलं होतं. पत्र नेहमीपेक्षा कडक झालं होतं. शेवटी 'एक त्रस्त नागरिक' लिहिता लिहिता ते थांबले, त्यावर लाल काट मारली आणि सही केली, 'दीनानाथ परचुरे, दुचाकीस्वार'. खाली पावती क्रमांकही टाकला.