पुसलेली शिदोरी

फ्रिजमधला आंबलेला चिखल डब्यासकट कचऱ्याच्या पिशवीत घालून, ती कोपऱ्यावर ठेवून, हाताचा वास जाईना म्हणून दोनदा साबण लावून आंघोळ करून कुनिहिको न्हाणीतून बाहेर आला. पाहतो तो त्याच्या सासूबाई, तोमेएबाई, ओल्या फडक्याने त्याच्या काचेच्या डब्या पुसत होत्या. डब्यांत कुझू नावाच्या रानवेलीच्या पानांवर, त्याच वेलीवर जगणाऱ्या ढेकणांची अंडी होती.

"अंड्यांना धक्का नाही लावला हं," तोमेएबाई म्हणाल्या. "खाली तपकिरी घाण चिकटली होती, तेवढी काडीनं खरवडली."

कुनिहिकोने एक डबी उचलून डोळ्यांपाशी धरली. संशोधन संस्थेची वीज दोन दिवस बंद, म्हणून त्याने दोन वर्षांची मेहनत घरी आणली होती. आणि पिल्लं नेमकी आजच बाहेर पडत होती.

"आई, ती घाण नव्हती! त्यांच्या आईनं बांधून दिलेली शिदोरी होती ती!"

"एवढीशी शिदोरी?"

"स्वतःच्या पोटातले जंतू ती पुडीत घालून अंड्यांपाशी ठेवते. पिल्लू जन्मल्याबरोबर आधी तेच पितं. नुसत्या वेलीच्या रसावर त्याचं भागत नाही, उरलेलं पोषण हे जंतू पोटात बसून बनवतात. ते नसले की पिल्लू खुरटतं, मरतं."

"मग हे सांगून नाही का जायचं आंघोळीला? पोर बाळाला घेऊन तपासणीला दवाखान्यात गेलीय, म्हटलं तोवर घर आवरू. बाळंतिणीच्या घरात किडे!"

पण चष्मा सावरून त्यांनी डबीत डोकावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. खसखशीएवढी पिल्लं सैरभैर फिरत होती. "अगं बाई, शोधताहेत की!" म्हणत त्यांनी चपला अडकवल्या. "कोपऱ्यावरच्या कुंपणावर हीच वेल माजलीय. आलेच."

कुनिहिको थांबा म्हणेपर्यंत त्या जिना उतरल्या होत्या.

त्या परतल्या तेव्हा केसांत पाला आणि अंगाला ढेकणांचा असा वास होता की शेजारणीने खिडकी लावून घेतली. एका हातात अंडी आणि पुड्या चिकटलेली पानं होती, दुसरा हात पाठीमागे. कुनिहिकोने चिमट्याने पुड्या सोडवून पिल्लांपुढे ठेवल्या. एक थांबलं. त्याने सोंड टेकवली. मग दुसरं, तिसरं, आणि सगळी डबी निवांत झाली. त्याने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी अंगावर काटा आलाच.

"कुणी शिकवलं रे ह्यांना?" भिंगाला डोळा लावून तोमेएबाई पुटपुटल्या. "आणि त्या माऊलीला?"

मग त्यांनी पाठीमागचा हात पुढे आणला. त्यात डबा होता.

"पारदर्शक पिशवी, जावईबापू. लांबूनच ओळखला. कावळ्यांच्या आधी पोचले म्हणून बरं."

"तो... सडलेला चिखल..."

"भाज्या मुरवायचा तांदळाचा आंबवलेला कोंडा आहे, त्यातही असेच जिवंत जंतू. माझ्या आजीच्या हातचा. तिच्याकडून आईकडे, आईकडून माझ्याकडे आला. पोरीसाठी निईगाताहून मांडीवर घेऊन आले." त्यांनी झाकण उघडलं. "त्या ढेकणांच्या आयांची माफी मागून पानं तोडली मी. तुम्ही कुणाची मागता?"

कुनिहिकोने बाही सरकवली आणि सवयीने रबरी हातमोजे उचलले.

"ते ठेवा. उघड्या हातानं, पार तळापासून हलवा. आणि रोज," सासूबाई म्हणाल्या. "थोडं तुमचंही उतरू दे त्यात. बाळ काय एकट्या माझ्या पोरीचं आहे?"