भरमाण्णा गोष्ट सांगतात

"आता ह्याची आई मरणार बगा," भरमाण्णा मोठ्यानं म्हणाले.

पडद्यावर एक अस्वलीण आपल्या पिल्लाला पंजानं मध चाटवत होती. ऊन पडलं होतं, फुलपाखरं उडत होती, मागं बासरी वाजत होती. मरणाचं चिन्ह कुठंच नव्हतं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मागं वळून भरमाण्णांकडं असं बघितलं, जणू विचारत होत्या, हा माणूस सिनेमा बघायला आलाय की कुणाच्या जिवावर उठलाय. एवढ्यात पडद्यावर अंधारून आलं, वीज कडाडली आणि अस्वलीण गेली. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. भरमाण्णा माझ्या कानाशी आले आणि समाधानानं म्हणाले, "ह्या कंपनीचं ठरल्यालं असतंय, मास्तर. आई ठेवत न्हाईत."

भरमाण्णा निपाणीत माझे शेजारी. तंबाखूचे व्यापारी, पन्नाशी उलटलेली, अंगानं भरलेले, डोक्याला तांबडा फेटा. दिवसभर वखारीत तंबाखूच्या धुळीत बसायचे, पण स्वतः कधी चिमूट तोंडात टाकली नाही. जैन माणूस, सूर्य बुडायच्या आत जेवण. व्यसन म्हणाल तर एकच. परदेशातली एक कंपनी हातानं काढलेल्या चित्रांचे बोलपट करी. माणसं, झाडं, जनावरं, सगळी चित्रंच, आणि ती चालायची, बोलायची, गायची. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बेळगावच्या कॅम्पात गोऱ्या सोल्जरांसाठी असले खेळ लागत. त्यांतला एकही भरमाण्णांनी चुकवला नाही. आणि त्यांनी चुकवला नाही म्हणून मलाही चुकला नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो. आठवडाभर पोरांना इंग्रजी शिकवून जो माणूस थकलेला असतो, त्याला रविवारी तरी इंग्रजीपासून सुट्टी असावी. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली, की भरमाण्णा फाटकाशी उभे असायचे. "चला मास्तर, गाडी लागलीया." नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं माझ्यात शनिवारी कधीच नसे.

पेट्रोल मिळत नव्हतं. बेळगावला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी लावलेली असायची, आणि त्या धुरावर गाडी चालायची. चालायची म्हणजे सपाटीला. वंटमुरीचा चढ आला की पुरुषांनी उतरायचं आणि ढकलायचं. मी ढकलताना देवाला आठवत असे, आणि माझ्या शेजारी खांदा लावलेले भरमाण्णा मागच्या खेळाची गोष्ट सांगत असत.

थेटरात मला बसवून घ्यायचं कारण म्हणजे माझं इंग्रजी. पण त्याचा उपयोग शून्य होता. पडद्यावरची राजकन्या काही बोलली, की मी हळूच अर्थ सांगायचो. भरमाण्णा मान हलवायचे. "तसं म्हणणार न्हाय ती. तुमी नीट ऐकलं न्हाय." एकदा मी चिडलो, तेव्हा माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "इंग्रजी तुमी बगा, गोष्ट मी बगतो."

आणि गोष्ट ते खरोखर बघत. बाप असला तर भोळा असणार. पोरगी खिडकीशी गेली की गाणार. तिच्या मागं एखादं बारकं जनावर लागणार, उंदीर म्हणा, खार म्हणा, आणि ते सगळ्यात जास्त बोलणार. पण भरमाण्णांचा जीव अडकलेला असायचा तो दुष्टाच्या मरणात. वाईट माणूस शेवटी कडा, बुरूज, असलं काहीतरी चढू लागला, की ते खुर्चीच्या कडेला येऊन बसायचे. "एवढ्या उंचावर काय काम हाय ह्याचं? पडायलाच चाललाय." आणि तो पडायचा.

"बगितलं?" बाहेर आल्यावर ते म्हणायचे. "कोण मारलं त्याला? कोणी न्हाय. त्योच चढला, त्योच पडला. चांगल्या माणसाच्या हाताला रगत न्हाय. मास्तर, ही कंपनी आतनं जैन असणार."

त्या लोकांच्या ताटात रोज काय असतं, ते मी त्यांना सांगितलं नाही. वेळही नसायचा. खेळ सुटला की सूर्य बुडायच्या आत खडेबाजारातली खानावळ गाठायची असे. फेटा सावरत पळणारे भरमाण्णा आणि मागं धापा टाकणारा मी, अशी आमची वरात अर्ध्या बेळगावनं पाहिलेली आहे. मुक्काम बाजारातच त्यांच्या एका नातेवाइकाच्या माडीवर.

हे सगळं थेटरात राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण त्यांनी ते निपाणीत आणलं. पुतण्यासाठी मुलगी बघायला चिकोडीकडं गेले, तर मुलीला शिवण येतं का, भाकरी येते का, काही विचारलं नाही. "घरात जनावरं किती?" म्हणाले. तेवढ्यात एक मांजर येऊन मुलीच्या मांडीशी बसलं. भरमाण्णांनी जागच्या जागी होकार दिला. संसार उत्तम झाला. त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलणं अवघड होऊन बसलं होतं.

वखारीत एक दलाल होता, तोंडाचा फटकळ. एके दिवशी पोत्यांच्या थप्पीवर चढून खाली तंबाखू निवडणाऱ्या बायकांना शिव्या देऊ लागला. भरमाण्णा शांतपणे म्हणाले, "उतर बाबा, लई उंचावर गेलास." तो पुढं सरला आणि थप्पीसकट खाली आला. पाय मोडला. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. भरमाण्णा हसले नाहीत. स्वतः हातगाडी ओढत त्याला डॉक्टरकडं घेऊन गेले, आणि वाटभर त्याला त्या कंपनीच्या गोष्टी सांगितल्या. दलाल म्हणे पायापेक्षा त्यानंच जास्त कण्हत होता.

घरात ते आणि आक्का, दोघंच. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. आक्का त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. मंडळी मूळची चिकोडीकडच्या खेड्यातली, व्यापारासाठी निपाणीत आलेली. भरमाण्णा आक्का म्हणत, म्हणून सारी गल्ली त्यांना थोरली बहीण समजे. मीही तेच समजत होतो. आक्का कमी बोलत. त्या सिनेमाला कधी आल्या नव्हत्या.

त्या वर्षी आक्कांना दिसेनासं होऊ लागलं. बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं. इंग्रजी बोलायला मी. डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, एक डोळा गेलेला आहे, दुसऱ्याचाही भरवसा धरू नका, जे काय बघायचं ते बघून घ्या म्हणावं. हे वाक्य भरमाण्णांना मराठीत सांगायचं काम माझ्याकडं आलं. ऐकून ते दवाखान्याच्या पायरीवर बसले. बराच वेळ फेट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. मग उठले.

"आक्का, तीनचा खेळ हाय. चला."

"ह्या वयात मला शिनेमा कशाला रं?"

"चला म्हंतो न्हवं."

खेळ नवा होता, गोष्ट ठाऊक नव्हती. पण कंपनी तीच, म्हणून भरमाण्णा निर्धास्त. आक्कांना मधे बसवलं, एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. पडद्यावर पाणचक्कीवाल्याची पोरगी आली, खिडकीशी गेली, गायली. एक बारकी चिचुंद्री तिच्याशी बोलू लागली. "हिची आई आदीच गेल्याली असणार," भरमाण्णा म्हणाले. बरोबर होतं. आक्का खुदकन हसल्या. भरमाण्णांचा चेहरा उजळला.

मग बग्गीतून एक बाई उतरली. उंच, हिरवा झगा, बारीक भुवया. भोळ्या बापानं तिचा हात धरून तिला घरात आणलं. मी सवयीनं म्हणालो, "ही सावत्र..."

पुढचा शब्द राहिला. भरमाण्णांनी आक्कांच्या मागून हात घालून माझा दंड असा आवळला, की डोळ्यांत पाणी आलं.

"शेजारीण हाय ती, आक्का," ते म्हणाले.

"शेजारीण मग ह्यांच्या घरात का ऱ्हातीया?"

"तिचं घर गळतंय."

आक्कांना पटलं असावं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आन पोरीला एवढं घर झाडाय का लावलीया?"

"वळण लावतीया."

भरमाण्णांच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावर ती बाई आता तळघरात गेली. कढईत हिरवं काहीतरी उकळलं, वाडग्यात ओतलं आणि स्वतःशीच हसली. थेटर चिडीचूप झालं.

"औषध," भरमाण्णा घाईनं म्हणाले. "पोरीला ताप हाय."

पोरीनं वाडगा तोंडाला लावला आणि धाडकन खाली पडली.

"झोप लागली बगा. गुण आला."

मागच्या रांगेत कॅम्पातले कुणीतरी कारकून बसले होते. त्यांना राहवेना. "अहो, औषध कसलं? विष आहे ते विष! सावत्र आई आहे ती तिची!"

भरमाण्णा ताडकन उभे राहिले. त्यांच्या फेट्याची सावली पडद्यावरच्या जंगलावर पडली. "तुमी गप बसा! चित्र तुमी काढलंय व्हय?" सोल्जरांनी शिट्ट्या मारल्या. दारावरचा माणूस बत्ती घेऊन धावत आला. मी कोटाला धरून त्यांना खाली ओढलं. अशा वेळी ओढायचं काम माझंच असे, पण त्या दिवशी मला दोन्ही हात लावावे लागले.

शेवट आला. वादळ सुटलं. हिरव्या झग्याची बाई पाणचक्कीच्या माथ्यावर चढू लागली. सारं थेटर टाळ्या वाजवायला हात वर करून बसलं. भरमाण्णा मात्र उठून आक्कांच्या समोरच उभे राहिले, पडद्याकडं पाठ करून, आणि त्यांची शाल नीट करू लागले. डावीकडून सारखी केली, उजवीकडून केली, पुन्हा डावीकडून केली. मागून आरडाओरडा चालला होता. पडद्यावर किंकाळी झाली, टाळ्या झाल्या.

"कुठं गेली रं ती?" आक्कांनी विचारलं.

"घरला गेली. गळती काढली तिच्या घराची."

त्या संध्याकाळी खानावळीत भरमाण्णांनी भाकरी चिवडली आणि ताट सारलं. एवढ्याशा बाबतीत हा माणूस एवढा का खपला, ते मला कळत नव्हतं, आणि विचारायला मी दमलो होतो.

सकाळी मोटारीच्या अड्ड्यावर आलो. क्लीनर भट्टीत कोळसा घालत होता. भरमाण्णा जागा धरायला पुढं गेले. मी आणि आक्का गाठोड्यापाशी बसलो.

"मास्तर," आक्का म्हणाल्या, "ती सावत्र आई हुती न्हवं?"

मी गाठोड्याची गाठ पुन्हा आवळू लागलो.

"डोळं गेल्यात माझं, कान न्हाईत. मागचा माणूस वराडला की." त्यांनी शाल ओढून घेतली. "मी बी सावत्रच. ह्याची."

भरमाण्णा गेले त्या बाजूला त्यांनी मान वळवली.

"ह्याच्या बापाला मला दुसरेपणावर दिली. माझंच वय तवा खेळायचं, आन हा एवढासा. गल्लीतल्या बायकांनी ह्याला सांगून ठेवल्यालं, सावत्र आई भाकरीत इख घालती म्हणून. माझ्या हातचं तोंडात घीना. उपाशी झोपायचा. मग मी त्याच्या म्होरं भाकरी मोडायची, आदी माझ्या तोंडात घास घालायची, मग त्याला द्यायची. आई म्हण असं कदी म्हटलं न्हाय. आक्का म्हण म्हटलं. थोरल्या भनीला कोण भितंय?"

"मग काल तुम्ही काही का बोलला नाहीत?"

"त्यो एवढा घाम गाळून सांगत हुता," आक्का म्हणाल्या. "सांगू दिलं."

तेवढ्यात भरमाण्णांनी हाक मारली. आक्कांना हाताला धरून त्यांनी गाडीत चढवलं, खिडकी सोडून आतल्या बाजूला बसवलं, धूर लागू नये म्हणून. गाडी निघाली. काकती गाव मागं पडलं. आज भरमाण्णांनी गोष्ट काढली नाही. वंटमुरीचा चढ ओलांडून गाडी उताराला लागली, तरी नाही. शेवटी समोरच्या बाकाकडं बघत त्यांनी विचारलं, "आक्का, चित्र कसं वाटलं?"

"ब्येस हुतं की," आक्का म्हणाल्या. "ती शेजारीण तेवढी लई मायेची बाई बग. सोताचं घर गळत असताना दुसऱ्याच्या लेकराला औषध देत बसली."

"व्हय," भरमाण्णा म्हणाले आणि तोंड खिडकीकडं वळवलं.

संकेश्वर आलं, उतारू उतरले, नवे चढले. भरमाण्णा तसेच बाहेर बघत बसले होते. आक्का त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या होत्या, आणि त्या जाग्या होऊ नयेत म्हणून गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ते तो खांदा सावरून धरत होते.