कांबळे साहेबांचं स्टिअरिंग

दर रविवारी सकाळी कांबळे साहेब कमरेपर्यंत जीपच्या बॉनेटमध्ये शिरतात. उरलेला अर्धा भाग वाटेवर असतो. वारज्यातल्या आमच्या सोसायटीत ये-जा करणाऱ्यांना त्या अर्ध्या भागाला वळसा घालून, वर त्यालाच नमस्कार करून पुढे जावं लागतं.

साहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. जीप सरकारी लिलावातली, वयाने माझ्याएवढी. तिला आजार एकच. स्टिअरिंग थोडं फिरवलं की चाकं विचार करत, बरंच फिरवलं की निर्णय घेत.

"खात्यातली गाडी आहे हो," साहेब अभिमानाने सांगत.

स्टिअरिंगच्या पेटीवर एक स्क्रू असतो. तो आवळला की ढिलेपणा जातो, पण स्टिअरिंग जड होतं. सैल केला की हलकं होतं, पण गाडी मनाला येईल तिकडे जाते. गेले चार महिने साहेब या दोहोंच्या मधली जागा शोधत होते. मी शेजारी, त्यामुळे सीटवर बसून स्टिअरिंग फिरवायची नेमणूक माझी.

"कसं आहे?" बॉनेटमधून आवाज येई.

"बरं आहे."

"आपण स्थळ बघायला आलेलो नाही. जड की हलकं?"

"हलकं."

"एका हाताने फिरवा. डाव्या! आता?"

"जड."

"मग आधी काय झोपेत बोललात?"

सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली, 'पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे.' साहेबांनी खाली पेनने लिहिलं, 'मान्य. गॅरेजमध्ये दिवे लागतात.'

एकदा मी धीर करून म्हणालो, "मेकॅनिककडे का नेत नाही?"

"दोनदा तोच येऊन घेऊन गेला. त्याचे दंड बघितलेत? त्याला रोड रोलरसुद्धा हलका लागेल."

परवाच्या रविवारी मात्र साहेबांनी हात पुसले, मला सीटवरून उठवलं आणि वर जाऊन काकूंना घेऊन आले. काकू म्हणजे साहेबांच्या पत्नी, निवृत्त मुख्याध्यापिका. दोन वर्षांपूर्वी जिन्यात पडून त्यांचा उजवा हात मोडला. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. तेव्हापासून त्या क्वचितच खाली उतरत.

साहेबांनी दार उघडलं. काकू स्टिअरिंगपुढे बसल्या. मी चक्रावलो.

"तुम्ही नाही चालवत?"

"मला कुठे येते?" साहेब म्हणाले. "आयुष्यभर हिनेच फिरवलंय मला."

काकूंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग फिरवून पाहिलं. "जरा जड लागतंय हो."

माझा एक शब्दही धड न ऐकणारा माणूस धावत पुढे गेला आणि बॉनेटमध्ये वाकला. "आता?"

"अजून थोडं."

"आता?"

काकूंनी पुन्हा फिरवून पाहिलं. उजवा हात शेवटपर्यंत सुटला नाही.

"आता जमेल."

जीप सुरू झाली. पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने काकूंनी इमारतीला एक फेरी घातली. साहेब दाराला हात लावून शेजारून चालत होते.

फेरी संपल्यावर काकूंनी ब्रेक दाबला आणि शेजारच्या सीटकडे मान केली. "बसा की आता."

साहेबांनी दारावरचा हात काढला आणि चार पावलं मागे सरकले.

"आधी अजून एक फेरी मार," ते म्हणाले. "मला जरा लांबून बघू दे."